मावशी कधीपासून आहेत?

पाळणाघर बघायला सकाळी अकराला जाऊ नये. त्या वेळी न्याहारी आटोपलेली असते, फरशी पुसून झालेली असते, मुलं ताजी असतात आणि चालवणाऱ्या काकूंना बोलायला सवड असते. जावं ते साडेबाराला, भरवण्याच्या वेळी, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. साडेबाराला तीन बाळं एकदम भुकेने रडतात, एकाचा घास तोंडात असतानाच डोळा लागतो, एकाला नेमकी तेव्हाच शी होते. सहानंतर मावश्यांचे नऊ-दहा तास भरलेले असतात आणि बेल वाजली की सगळी मुलं दाराकडे बघतात. या दोन वेळांना मोठी माणसं मुलांशी कोणत्या आवाजात बोलतात ते ऐकावं. बाकी सगळं नंतर.

*

आमची लेक नऊ महिन्यांची. बायकोची सव्वीस आठवड्यांची रजा संपली, तिला जोडून घेतलेली बिनपगारीही संपत आली. माझी आई गावचं घर सोडून कायमची येऊ शकत नाही, आणि तिने यावं असं मलाही वाटत नाही. तिने तिची मुलं वाढवली आहेत. डोंबिवलीत पाळणाघरांच्या पाट्यांना तोटा नाही. तळमजल्यावरचे ब्लॉक, जुन्या बंगल्यांच्या पुढच्या खोल्या, मोठ्या साखळ्यांच्या शाखा. त्यांतून एक निवडायचं तर काय बघायचं, ते जसं सुचेल तसं लिहून ठेवतो आहे. बघायला बहुतेक वेळा मीच जातो, आणि दार उघडणारी बाई माझ्या मागे मुलीची आई आली आहे का ते शोधते.

*

कायदा वाचून काढला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक झालं. आईने दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यावं, ही मुभाही त्यात आली. तरतूद चांगली आहे. पण ती वापरायची तर बाळ आईबरोबर कामाच्या जागी पोचायला हवं. सकाळी आठच्या फास्ट लोकलला डोंबिवलीत चढणं धडधाकट माणसाला जमत नाही, तिथे बाळ कडेवर घेऊन कोण चढेल? २०१८ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पाळणाघर कामाच्या जागी किंवा राहत्या वस्तीत, पाचशे मीटरच्या आत असावं, असं दोन्ही धरलं आहे. मुंबईत कामाला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना यातलं दुसरंच उपयोगाचं. घराजवळच्या पाळणाघराची फी कंपनीने द्यावी, असा अर्ज बायकोने केला आहे. उत्तर यायचं आहे.

*

मावशी कधीपासून आहेत? हा प्रश्न मी आता सगळ्यांत आधी विचारतो. सीसीटीव्ही, एसी, खेळणी, आठवड्याचा मेनू यांची माहिती न विचारता मिळते. या प्रश्नाला मात्र लोक थबकतात. एके ठिकाणी उत्तर आलं, “मावश्या काय हो, बदलत राहतात. ही यंदाची तिसरी.” दुसरीकडे काकूंनी आत हाक मारली, “अहो, तुम्हाला किती वर्षं झाली आपल्याकडे?” मावशी हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी हिशेब सांगितला तो मुलांवरून. पलीकडच्या इमारतीतला एक मुलगा आता सातवीत आहे, तो रांगत होता तेव्हापासून.

नऊ महिन्यांच्या मुलीला पाळणाघर कळत नाही. तिला एक चेहरा कळतो, एक आवाज कळतो, उचलून घेण्याची एक तऱ्हा कळते. साधारण आठव्या महिन्यापासून मूल परक्याला बघून रडू लागतं, आई खोलीबाहेर गेली तरी कासावीस होतं, आणि पुढे वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत हे चांगलंच जोरात असतं. आपण नेमके याच वयात त्याला सोडायला जातो. आईबापांखेरीज आणखी एका माणसावर विसंबायला ते शिकेल, ही अपेक्षा रास्त आहे. मुलं शिकतात. पण ते माणूसच तीन महिन्यांनी दिसेनासं झालं, तर त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. असं दोन-तीनदा झाल्यावर ते कुणाकडे किती जीव लावेल, याची मला काळजी वाटते.

म्हणजे पाळणाघर निवडायचं म्हणजे मावशी निवडायची. आणि मावशी टिकणार की नाही हे तिच्या स्वभावापेक्षा तिचा पगार, तिची रजा आणि तिच्यावर किती मुलं आहेत यांवर ठरतं.

*

मग मुलांची संख्या. २०१८ ची तत्त्वं सांगतात, तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे किमान एक प्रशिक्षित सेविका हवी, सोबत मदतनीस हवी. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस असा नियम आहे. आपल्याकडचा आकडा बघून मी मनात चित्र उभं केलं. दहा बाळं, त्यांतली पाच-सहा अजून चालतही नाहीत, आणि दोन बायका. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर? एक बाई दोन कडांवर दोन मुलं घेते. पहिल्या फेरीत चार मुलं बाहेर जातील. उरलेल्या सहांपाशी तेवढा वेळ कोण असेल? हे मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. एका काकूंनी शांतपणे सांगितलं की शेजारच्या ब्लॉकमधल्या दोघी आणि खालचा इस्त्रीवाला यांच्याशी बोलून ठेवलं आहे, हाक मारली की ते येतात, आणि दाराला आतून कडी असते, कुलूप नसतं. असा विचार आधी केलेला असणं मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं वाटलं.

*

पैशाचा हिशेब एकदा मांडून बघितला. समजा फी महिना ७,००० आणि मुलं दहा. ७०,००० जमले. जागेचं भाडं २५,०००. दूध, भाजी, गॅस, वीज, साबण, फिनेल मिळून १५,०००. उरले ३०,०००. त्यांत काकूंनी आपल्या दिवसभराच्या कष्टाचे १२,००० ठेवले, तर दोन मावश्यांना नऊ-नऊ हजार. आता याच गल्लीत कुणी ५,००० मध्ये मूल सांभाळायला तयार असेल, तर कात्री कुठे लागेल? भाडं कमी होत नाही, दूध स्वस्त होत नाही. मुलं दहाची पंधरा होतात, किंवा मावश्या दोनाची एक.

फी घासाघीस करून कमी करून घ्यायची नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं. तिकडे महागड्या जागी जास्तीची फी मावश्यांच्या हातात पडते का, की रंगीत भिंतींत जाते, तेही वेगळं विचारावं लागतं.

*

कोसबाडची आठवण या दिवसांत सारखी होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नसत, कारण आईबाप कामावर गेलेले आणि धाकटं भावंड यांच्या कडेवर. त्या मुलींना नुसतं ‘शाळेत या’ म्हणून भागणार नव्हतं. म्हणून ‘विकासवाडी’ नावाच्या त्यांच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. भावंडाला शेजारी सोडायचं आणि ताईने वर्गात बसायचं. खेळणी म्हणजे परिसरातल्याच बिया, शिंपले, पानं, खडे. अंगणात मुलं जमवून शिकवण्याची त्यांची अंगणवाडी पुढे देशाने उचलली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती अंगणवाडीच्या आधारावरच.

पाळणाघर ही दोघं नोकरी करणाऱ्या शहरी जोडप्यांची गरज, असं आपण धरून चालतो. कडेवर भावंड घेतलेल्या त्या मुलीला ते आपल्या कितीतरी आधी हवं होतं, आणि तिच्यासारखीला आजही हवं आहे. आमच्या खिडकीतून एका टॉवरचं काम दिसतं. पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथे पाच-सहा वर्षांची एक पोरगी तान्ह्याला मांडीवर घेऊन दिवसभर बसलेली असते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. पन्नासहून अधिक स्त्री मजूर असतील तिथे पाळणाघर द्यायला त्याने सांगितलं. एकाच बांधकामाच्या हजेरीपटावर एवढ्या बायका दाखवणारा कंत्राटदार विरळा. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्याच मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था सुरू केली आणि १९७२ मध्ये ते काम मुंबईत आलं. असं काम आमच्या खिडकीखाली कधी येईल, हे विचारायला मी त्या बांधकामाच्या ऑफिसात जाणार आहे.

*

मावश्यांना विचारलं, तुमची मुलं कुठे असतात? एक म्हणाली, मोठी दहा वर्षांची आहे, ती धाकट्याला बघते. म्हणजे कोसबाडची ती ताई अजून घरीच आहे. दुसऱ्या ठिकाणी मावशींचा दोन वर्षांचा मुलगा तिथेच, इतर मुलांबरोबर, बिनफीचा. त्याच ताटलीतला मऊ भात, त्याच गादीवर झोप. जिथे सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल त्याच खोलीत आहे, तिथला पंखा बंद पडलेला दोन दिवस तसाच राहणार नाही.

*

विचारून घ्यायच्या बारीक गोष्टी.

बाळाला झोपवतात कसं? पाठीवर. पालथं नाही. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी आपल्याकडे देतात, ती नको. वर्षाखालच्या बाळाजवळ झोपेत उशी, जाड दुलई, मऊ खेळणं काहीच नको. झोळीत असेल तर तिच्याकडे बघणारं माणूस खोलीत हवं.

मध नाही. गुटीतूनसुद्धा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो. एका ठिकाणच्या आजी म्हणाल्या, आमच्या सगळ्या मुलांना चाटवला. मी वाद घातला नाही, पण लिहून दिलं.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, लाह्या मोठ्या मुलांच्या डब्यांतून लहानांच्या हाती लागतात. रांगती आणि पळती मुलं एकाच खोलीत असतील तर डबा खाण्याची जागा वेगळी आहे का, ते बघायचं.

तापाचं औषध. ‘पॅरासिटॅमॉल पाच मिली’ असं तोंडी कधीही सांगायचं नाही. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या ५ मिलीमध्ये कधी १२०, कधी २५० मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीतून कुणी पाच मिली दिलं तर ते आठ किलोच्या बाळाला चौपट होतं. आपली बाटली, तिच्यावर नाव, मात्रा कागदावर, आणि देण्याआधी फोन. झोप लागावी म्हणून सर्दीचं औषध कधीच नाही, हेही स्पष्ट शब्दांत बोलायचं. संकोच वाटतो, तरी बोलायचं.

भरवताना मोबाइल दाखवतात का? वर्षाखालच्या मुलांना पडदा अजिबात नको असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. मला त्याहून साधी गोष्ट खटकते. मोबाइल बघत जेवणारं मूल भरवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही.

*

आजारपणाचा नियम कडक हवा. पहिल्या वर्षी सर्दी, खोकला, जुलाब सारखे होतात, पावसाळ्यात हाता-पायाला आणि तोंडात फोड येणारा आजार सगळ्या खोलीत फिरतो. एका काकूंचा नियम असा की ताप उतरून एक पूर्ण दिवस झाल्याशिवाय मूल आणायचं नाही, आणि कुणाचीही मीटिंग असली तरी सूट नाही. त्या सांगत होत्या तेव्हा समोर एक पालक उभे होते, त्यांचा चेहरा उतरला. उद्या आमचाही उतरेल. तरी मला हाच नियम हवा, कारण परवा दुसऱ्याच्या मुलाला ताप असेल.

*

खारघरच्या एका पाळणाघरातलं चित्रण २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्या वाहिन्यांवर दिसलं. दहा महिन्यांच्या मुलीला आया मारत होती, आपटत होती. अनेकांनी त्यानंतर कॅमेऱ्याची मागणी धरली. पण कॅमेरा तिथे होता, म्हणूनच तर ते दिसलं. त्याने पुरावा दिला, त्या घटकेला मूल वाचवलं नाही. मला कॅमेरा चालेल, पण त्याआधी हवंय ते असं की एकटी बाई मुलांबरोबर तास न् तास बंद खोलीत असू नये. दुसरी असली की पहिलीला पाणी प्यायला, लघवीला, दोन मिनिटं बाहेर उभं राहायला मिळतं, आणि संताप अनावर व्हायच्या आधी कुणीतरी मूल हातातून घेतं. आणि पालकांना न सांगता कधीही आत येता यावं. “इन्फेक्शन होतं, पालकांनी दारातूनच” असं जिथे सांगितलं, ते नाव आम्ही खोडलं. चपला बाहेर काढतो, हात धुतो; दार उघडं हवं.

*

पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लाखो लोक रात्रभर घरी पोचले नाहीत. तेवढा नाही तरी लोकल ठप्प होण्याचे दोन-तीन दिवस दर पावसाळ्यात येतात. तेव्हा पाळणाघर सातला बंद होऊन कसं चालेल? एका ठिकाणी सांगितलं, सातनंतर तासाला दोनशे. ते ठीक आहे, पण मी विचारत होतो ते वेगळं: रात्री दहापर्यंत कुणीच आलं नाही तर मूल कुणापाशी असेल? ठाकुर्लीच्या बाजूच्या काकू म्हणाल्या, “माझ्या घरी. वरच राहते मी. आजवर पावसात राहिलेली मुलं वरणभात खाऊन माझ्या नातवाशेजारी झोपली आहेत.” सोबत, मूल नेऊ शकतील अशा दोन शेजाऱ्यांची नावं आणि फोटो त्यांनी आमच्याकडून मागितले. त्या दोघांखेरीज कुणालाही, ओळखीचं नाव सांगितलं तरी, मूल मिळणार नाही.

*

परका माणूस आत गेल्यावर मुलं काय करतात ते बघावं. एका ठिकाणी मी खाली बसताच दीड-दोन वर्षांची तीन मुलं येऊन सरळ मांडीवर चढली. आधी बरं वाटलं, मग अस्वस्थ झालो. कुणीही चालतंय, कुणीतरी घ्या, असं त्यांना झालं होतं. ठाकुर्लीला एक मुलगी मावशींच्या साडीमागे गेली, तिथून डोकावून बघत राहिली, आणि बऱ्याच वेळाने बाहुली दाखवायला आली. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडात आई-बाळांच्या जोड्या बघितल्या, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं. बाळ ओळखीच्या माणसापासून थोडं दूर जातं, जग बघतं, परत येतं. जायला धीर येतो तो परत यायला जागा असते म्हणून.

*

ठाकुर्लीच्या मावशी जामनेरकडच्या. मुलांना “ये वं माय” म्हणून बोलावतात. काही पालकांना वाटतं, मुलांच्या कानावर शुद्ध बोलणं पडावं, शक्यतो इंग्रजी. मला वाटतं, कानावर खूप बोलणं पडावं, आणि ते आपल्याकडे बघून बोललेलं असावं. डायपर बदलताना त्या अखंड बोलत होत्या: आता पाय वर, आता पावडर नाही बरं का, आता झालं. दीड वर्षाच्या मुलाने उत्तरही दिलं. घरी आलो आणि बायकोला म्हटलं, तिथे खानदेशी शिकली तर शिकू दे.

*

रुळवण्याबद्दल. माझी मावसबहीण बर्लिनला असते. तिथे पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर खोलीत बसून राहतो, मूल एकटं सोडतच नाहीत. चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात, फार तर अर्धा तास. मुलाला सांभाळणारीने शांत करता आलं, तर पुढे वेळ वाढवतात, नाही तर थांबतात. आपल्याकडे “सोडा आणि जा, दोन दिवस रडेल, मग बसेल” असं सांगतात. दोन दिवस रडल्यावर मूल गप्प होतं हे खरं आहे. ते रमलं म्हणून गप्प झालं की दमून, हे त्या दोन दिवसांत कळत नाही.

ठाकुर्लीच्या काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, पहिला आठवडा बसा कोपऱ्यात, पण मोबाइल बाहेर ठेवून, आणि मध्ये पडायचं नाही. ती रडली तर आधी मावशी जातील. मला पटलं. निघताना डोळा चुकवून निघायचं नाही, हेही ठरलं. टाटा करायचा, सांगायचं, रडली तरी.

*

ठाकुर्लीचंच ठरवलं. तळमजला आहे, एसी नाही, खिडक्या दोन बाजूंना आहेत. वर्षाखालची चारच मुलं घेतात, आमची चौथी. काकूंनी सांगितलं की मावश्यांना महिन्याला दोन पगारी रजा आणि दिवाळीला एक पगार जास्त. मावशींनाही वेगळं विचारून घेतलं, त्या हो म्हणाल्या. वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी घेतली. गणपतीचे दोन दिवस, दिवाळीचे पाच, आणि मे महिन्यात अख्खा आठवडा, मावशी गावी जातात तेव्हा. त्या आठवड्यात बदली बाई आणून पाळणाघर चालू ठेवावं असा काही पालकांचा आग्रह असतो, काकू ऐकत नाहीत. आम्ही तो आठवडा वाटून घेतला, पहिले तीन दिवस मी, पुढचे बायको. रजेचा अर्ज आजच टाकला.